चिंबोराझो रुग्णालय, रिचमंड (१८६१–१८६५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल मराठीत वाचायला घेतलं की लिंकन, गुलामगिरी आणि गेटिसबर्ग इथपर्यंत गाडी येते आणि थांबते. लढाई संपल्यावर जखमींचं काय होत असे, हे क्वचितच कोणी सांगतं. म्हणून त्या युद्धातल्या एका मोठ्या लष्करी रुग्णालयाबद्दल वाचक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

चिंबोराझो रुग्णालय नेमकं कोणाचं होतं?

दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांचं, म्हणजे कॉन्फेडरसीचं. व्हर्जिनियातलं रिचमंड ही त्यांची राजधानी. शहराच्या पूर्व टोकाला जेम्स नदीकाठी एक टेकडी आहे, तिच्यावर हे रुग्णालय वसलं. ऑक्टोबर १८६१ मध्ये ते सुरू झालं आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर पडेपर्यंत चाललं. या साडेतीन वर्षांत तिथे सुमारे ७६,००० रुग्ण येऊन गेले.

अमेरिकेतल्या टेकडीला हे असलं नाव कसं?

चिंबोराझो हा इक्वेडोरमधला ६,२६३ मीटर उंचीचा ज्वालामुखी. १८०२ मध्ये हम्बोल्ट या जर्मन संशोधकाने तो चढायचा प्रयत्न केला आणि त्याचं नाव जगभर झालं. रिचमंडच्या त्या बुटक्या टेकडीला हे भारदस्त नाव युद्धाच्या आधीपासूनच होतं. या नावाचा आपल्या निलगिरी डोंगरांशीही एक धागा जुळतो, तो पुढे औषधांच्या प्रश्नात येईल.

रिचमंडमध्येच एवढं मोठं रुग्णालय का लागलं?

उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन आणि दक्षिणेची रिचमंड यांच्यात जेमतेम १०० मैलांचं अंतर. पूर्वेकडच्या बहुतेक मोठ्या लढाया याच पट्ट्यात झाल्या, आणि रिचमंडला चहूकडून रेल्वे येऊन मिळत होती. त्यामुळे जखमी तिथेच यायचे.

२१ जुलै १८६१ रोजी मनासासची पहिली मोठी लढाई झाली. दक्षिण जिंकली खरी, पण जखमींच्या गाड्या रिचमंडच्या स्टेशनात लागल्या तेव्हा त्यांना ठेवायला जागा नव्हती. हॉटेलं, तंबाखूची गोदामं, चर्च, लोकांची राहती घरं, जिथे जमेल तिथे माणसं टाकली गेली. सॅली टॉम्पकिन्स या तरुणीने एका न्यायाधीशाच्या रिकाम्या घरात स्वतःच्या खर्चाने रुग्णालय काढलं. पुढे खासगी रुग्णालयं बंद करायचा हुकूम आला, तेव्हा तिचं चालू राहावं म्हणून तिला थेट घोडदळात कॅप्टनचा हुद्दा देण्यात आला. तिच्याकडे युद्धभरात १,३३३ सैनिक आले आणि त्यांतले फक्त ७३ दगावले. हा आकडा लक्षात ठेवा, मृत्युदराच्या प्रश्नात लागेल.

पण घरोघरी विखुरलेल्या जखमींवर ना लष्कराचा ताबा राहत होता ना डॉक्टरांचा. बरा झालेला शिपाई पलटणीत परत न जाता परस्पर घरी निघून जाई. एकाच ठिकाणी मोठी रुग्णालयं बांधण्यामागे दयेइतकंच हेही कारण होतं.

इमारती कशा होत्या?

लाकडी, एकमजली, बैठ्या. मुळात त्या सैनिकांना हिवाळ्यात राहायला म्हणून बांधल्या जात होत्या आणि बांधणारे हात बहुतेक गुलामांचे होते. दक्षिणेच्या लष्कराचे सर्जन जनरल, म्हणजे सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी, सॅम्युएल प्रेस्टन मूर यांनी त्या रुग्णालयासाठी मागून घेतल्या.

वॉर्ड सुमारे ९० होते. लांबट खोली, समोरासमोर खिडक्या, आतून-बाहेरून चुन्याची सफेदी, एका वॉर्डात साधारण ४० खाटा आणि दोन वॉर्डांमध्ये रस्त्याएवढी मोकळी जागा. स्वयंपाकघरं, कोठ्या, कार्यालयं धरली तर टेकडीवर छोटं गावच उभं राहिलं होतं. गर्दी वाढली की तंबू ठोकायचे, मग क्षमता ४,००० च्या आसपास जाई.

ही रचना योगायोगाची नव्हती. क्रिमियन युद्धात कोंदट बराकींमध्ये ब्रिटिश सैनिक किड्यामुंग्यांसारखे मेले, आणि त्यानंतर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हवेशीर, सुट्या वॉर्डांचा आग्रह धरला. तो विचार तोवर अटलांटिकपलीकडे पोचला होता. रोग घाणेरड्या हवेने पसरतो ही त्यामागची समजूत चुकीची होती. पण त्या समजुतीतून आलेल्या मोकळ्या खिडक्या, खाटांमधलं अंतर आणि उतारावरून वाहून जाणारं सांडपाणी हे सगळं उपयोगाचं होतं. चुकीच्या सिद्धांतातून बरोबर इमारत निघाली, असं म्हणायला हरकत नाही.

रुग्णालयाचे पाच विभाग होते आणि शक्यतो एका राज्याचे सैनिक एकत्र ठेवले जात. शेजारच्या खाटेवर आपल्या भागातला, आपल्यासारखं बोलणारा माणूस असला की आजाऱ्याला धीर येतो, हे तिथल्या कारभाऱ्यांनी ओळखलं होतं.

प्रमुख कोण होते?

डॉ. जेम्स ब्राउन मॅकॉ. रिचमंडच्या डॉक्टरांच्या घराण्यातले, व्हर्जिनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक, वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक. रुग्णालय सुरू झालं तेव्हा वय ३८. त्यांनी शस्त्रक्रियेत नवं काही शोधलं नाही. त्यांचा हातखंडा होता कारभारात, आणि माझ्या मते या रुग्णालयाची खरी गोष्ट तिथेच आहे.

ते जगातलं सर्वांत मोठं रुग्णालय होतं का?

असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. जरा जपून घ्यावं. रिचमंडच्याच पश्चिमेला विंडर रुग्णालय जवळपास तेवढंच होतं आणि उत्तरेत फिलाडेल्फियाच्या सॅटर्ली रुग्णालयात तंबू धरून ४,५०० खाटा होत्या. त्या काळच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक, एवढं म्हटलं की पुरे.

हजारो माणसांना खायला घालायला पैसा कुठून येत होता?

सर्जन जनरलनी रुग्णालयाला स्वतंत्र लष्करी ठाण्याचा दर्जा दिला. म्हणजे मॅकॉ हे केवळ मुख्य डॉक्टर नव्हते, ठाण्याचे कमांडंटही होते. सैनिक रुग्णालयात आला की त्याच्या शिध्याऐवजी त्याची रोख किंमत रुग्णालयाच्या खात्यात जमा होई. आता गंमत अशी, की तापाने फणफणलेला माणूस पूर्ण शिधा खात नाही. रोज हजारो माणसांमागे थोडं थोडं उरे आणि त्या शिलकीतून मॅकॉ बाजारातून लागेल ते घेत.

तिथेच काम केलेले डॉ. जॉन गिल्डरस्लीव्ह यांनी १९०४ मध्ये एका भाषणात सगळं वर्णन केलं आहे. रुग्णालयाची स्वतःची बेकरी होती, ती दिवसाला ७,००० ते १०,००० पाव भाजायची. बिअर गाळायची भट्टी होती, बर्फाची कोठारं होती, जवळच्या शेतावर चरणाऱ्या सुमारे २०० गाई आणि काहीशे शेळ्या होत्या. सुपाच्या हाडांमधून निघणाऱ्या चरबीचा साबण व्हायचा. रुग्णालयाच्या मालकीची एक नावसुद्धा होती. ती कालव्यातून लिंचबर्गच्या बाजूला जाई आणि सूत व पादत्राणं देऊन त्याबदल्यात धान्य-भाजी घेऊन येई. कागदी नोटांची किंमत रोज घसरत असताना शेतकऱ्याला नोटांपेक्षा बूट हवे होते.

हे भाषण युद्धानंतर चाळीस वर्षांनी, आपल्याच माणसांसमोर केलेलं आहे, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरून चालावं. युद्धाच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत गाई-शेळ्या असूनही तिथे टंचाई होतीच. एप्रिल १८६३ मध्ये रिचमंडच्या रस्त्यांवर बायकांनी भाकरीसाठी दंगा केला होता. तेच शहर या रुग्णालयाला पोसत होतं.

रोजची कामं कोण करायचं?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

सुरुवातीला शुश्रूषेला बरे होत आलेले सैनिकच लावत. पण माणूस जरा कामाला सरावला की पलटणीचं बोलावणं येई आणि त्याच्या जागी नवा, स्वतःच धडपणे उभा न राहू शकणारा शिपाई येई. कायम राहणारे हात होते ते काळ्या माणसांचे. काही मुक्त, बहुसंख्य गुलाम. पुरुष रुग्णांना उचलत, धूत, मलमपट्टीला मदत करत, स्त्रिया स्वयंपाक आणि धुणं करत. रक्ताने-पुवाने माखलेल्या चादरींचे डोंगर रोज कोणीतरी धूत होतं, त्याशिवाय त्या सफेद वॉर्डांची ख्याती झालीच नसती.

गुलाम भाड्याने घेण्याची पद्धत दक्षिणेत जुनीच होती. सहसा वर्षाचा करार होई, रुग्णालय भाडं भरे आणि पैसे मालकाच्या खिशात जात. १८६२ मध्ये उत्तरेची फौज रिचमंडच्या वेशीजवळ आली, तेव्हा पुष्कळ मालकांना आपली ‘मालमत्ता’ हातची जाईल याची धास्ती वाटली. ती खोटी नव्हती. संधी मिळाली की माणसं रात्रीत नदी ओलांडून उत्तरेच्या छावणीकडे जात. या लोकांशिवाय रुग्णालय चालवणं अशक्य आहे, असं खुद्द मॅकॉ यांनीच वरिष्ठांना कळवलं होतं.

गुलामगिरी टिकावी म्हणून लढणाऱ्या फौजेची शुश्रूषा गुलामांनी केली, तीही सक्तीने. बेकरी, नाव आणि शेळ्यांचं कौतुक वाचताना हे नजरेआड करता येत नाही.

स्त्रिया परिचारिका होत्या का?

आजच्या अर्थाने प्रशिक्षित परिचारिका तेव्हा दक्षिणेत नव्हत्याच. सप्टेंबर १८६२ मध्ये कॉन्फेडरेट काँग्रेसने कायदा करून रुग्णालयांत मेट्रन, म्हणजे वॉर्डांची देखरेख करणाऱ्या स्त्रिया, नेमायला परवानगी दिली. मुख्य मेट्रनला महिना ४० डॉलर, सहायक मेट्रनला ३५, वॉर्ड मेट्रनला ३०. साध्या शिपायाचा पगार ११ डॉलर होता.

यांतली सर्वांत माहितीची बाई म्हणजे फीबी येट्स पेम्बर. चार्ल्स्टनच्या सुखवस्तू ज्यू घरातली, १८२३ चा जन्म, युद्धाच्या सुरुवातीलाच विधवा झालेली. डिसेंबर १८६२ मध्ये ती दुसऱ्या विभागाची मुख्य मेट्रन म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिच्या कानावर पडलं ते कोण्या कर्मचाऱ्याचं वैतागलेलं बोलणं: आली बाबा त्यांच्यातली एक! घरंदाज बाईने परक्या पुरुषांच्या वॉर्डात वावरावं, हे कर्मचाऱ्यांनाच काय, तिच्या ओळखीच्या बायकांनाही रुचलं नव्हतं.

तिने स्वतः लिहिलेल्या आठवणी १८७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लिखाण तिखट, विनोदी आणि बऱ्यापैकी निर्दय आहे. पहिल्यांदा तिने मोठ्या हौसेने कोंबडीचं सूप केलं, वर पार्सली घातली. खेड्यातल्या शिपायाने चव घेतली आणि सांगितलं, आमच्या आईचं असं नसायचं, ते वरती तरंगणारं गवत नसतं तर कसंबसं घशाखाली उतरवलं असतं! आजाऱ्याला पौष्टिक नव्हे, ओळखीचं खाणं लागतं, हे तिला तिथे कळलं.

फिशर नावाच्या तरुण शिपायाची हकिकतही तिनेच लिहिली आहे. मांडीची जखम कित्येक महिन्यांनी भरत आली होती, तो पहिल्यांदा थोडा चालला, आणि त्या रात्री हाडाच्या टोकाने आतली धमनी कापली गेली. तिने रक्त थांबवायला बोट दाबून धरलं. सर्जनने पाहिलं, धमनी बांधता येणार नव्हती. तो मुलगा तिला विचारतो, मी किती वेळ जगेन? ती सांगते, माझं बोट आहे तोवर. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणतो, मग आता सोडा. तिला बोट काढवेना, आणि पुढे युद्धात फक्त त्या एका वेळी तिची शुद्ध हरपली.

हेही सांगायला हवं, की काळ्या कामगारांबद्दल ती लिहिते तेव्हा ती आपल्या वर्गाच्या नजरेनेच पाहते. तिची करुणा खाटेवरच्या गोऱ्या शिपायापाशी संपते.

व्हिस्कीवरून भांडणं व्हायची म्हणतात, ती काय भानगड?

व्हिस्की हे तेव्हा औषध होतं. अशक्तपणा, धक्का, ताप, सगळ्यावर चमचा-दोन चमचे दिली जाई. पिंपाची जबाबदारी कायद्याने मेट्रनकडे आली. त्याआधी ती पुरुष कर्मचाऱ्यांकडे होती आणि रुग्णापर्यंत पोचेतो बरीच ‘आटत’ असे. त्यामुळे पेम्बरबाईंचं अर्ध्या रुग्णालयाशी वाकडं झालं. चिठ्ठीशिवाय थेंब मिळणार नाही, एवढाच तिचा नियम.

शहर पडल्यावर एका रात्री काही टवाळ माणसं पिंप उचलायला तिच्या खोलीत घुसली. तिने पिस्तुलाचा घोडा ओढला. माणसं निघून गेली.

भूल न देता हातपाय कापायचे, हे खरं का?

बहुतांशी खोटं. क्लोरोफॉर्म आणि ईथर दोन्ही माहीत होते आणि दोन्ही बाजू वापरत होत्या. दक्षिणेत क्लोरोफॉर्मची चणचण होती, पण चार्ल्स्टनचे सर्जन ज्युलियन चिसोम यांनी नाकात धरायचं एक लहानसं उपकरण काढलं होतं, त्यामुळे फार थोड्या औषधात काम भागे. स्टोनवॉल जॅक्सन या नामांकित सेनापतीचा हात मे १८६३ मध्ये कापला तोही क्लोरोफॉर्म देऊनच. तो नंतर न्यूमोनियाने गेला.

शिवाय अवयव कापण्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया रणांगणाजवळच्या तात्पुरत्या ठिकाणीच उरकत. ‘मिनी’ नावाची शिशाची मऊ गोळी हाडाचा भुगा करायची, त्यामुळे लवकर कापणं हाच जीव वाचवायचा मार्ग होता. चिंबोराझोला रुग्ण येई तो त्यानंतर, आणि तिथे सुरू होई खरी लढाई: पू, गँगरीन, धनुर्वात. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा कळलेलं नव्हतं. एकाच स्पंजने एकामागून एक जखमा पुसल्या जात. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली ती १८६७ मध्ये, इथे तिचा उपयोग व्हायला दोन वर्षं उशिरा.

मग माणसं मरत कशाने?

आजाराने. या युद्धातल्या मृत्यूंपैकी साधारण दोन-तृतीयांश रोगांमुळे झाले. एकूण मृत्यूंचा जुना अंदाज ६,२०,००० होता, अलीकडचे अभ्यास तो ७ लाखांच्या आसपास किंवा वर नेतात. हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया, गोवर. खेड्यापाड्यातली मुलं आयुष्यात पहिल्यांदा हजारोंच्या गर्दीत राहायला आली आणि लहानपणी न झालेला गोवर छावणीत झाला. देवीच्या रुग्णांसाठी शहराबाहेर वेगळी व्यवस्था होती.

औषधं मिळत होती का?

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली होती आणि औषधंही युद्धनिषिद्ध माल ठरवली होती. चोरून येई ते आणि उत्तरेकडून जिंकून आणलेलं, यावर भागवायचं. सर्जन जनरलनी फ्रान्सिस पोर्चर या डॉक्टरांना दक्षिणेतल्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करायला लावलं. विलो आणि डॉगवुडच्या सालींचे काढे क्विनाईनऐवजी दिले जाऊ लागले. अफूसाठी बायकांना परसात खसखस लावायचं आवाहन झालं. या काढ्यांनी हिवताप हटला असेल असं वाटत नाही.

आता निलगिरीचा धागा. क्विनाईन, म्हणजे आपलं कोयनेल, सिंकोनाच्या सालीपासून निघतं. १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाल सालीच्या सिंकोनाच्या बिया आणि रोपं ब्रिटिश सरकारसाठी गोळा केली, ती खऱ्याखुऱ्या चिंबोराझो पर्वताच्या उतारांवरून. त्यातून उटकमंडचे (उटीचे) मळे उभे राहिले. इकडे ब्रिटिश निलगिरीत सिंकोना रुजवत होते त्याच वर्षांत त्या पर्वताच्या नावाच्या रुग्णालयात क्विनाईन मोजून-मापून द्यावं लागत होतं.

मृत्युदर किती होता?

गिल्डरस्लीव्ह ९ टक्क्यांच्या थोडा वर सांगतात. इतर अंदाज त्याहून जास्त आहेत, पण दर दहा जणांमागे आठ-नऊ जण जिवंत बाहेर पडले यावर साधारण एकमत आहे. त्या काळाच्या मानाने हे चांगलं.

सॅली टॉम्पकिन्सच्या १,३३३ पैकी ७३ या आकड्याशी तुलना केली तर चिंबोराझो फिकं वाटतं, पण ती तुलना सरळ नाही. तिच्याकडे मूठभर रुग्ण, तेही घरासारख्या स्वच्छतेत. इकडे सात दिवसांच्या लढायांनंतर, १८६२ च्या जून-जुलैत, हजारोंचा लोंढा आला. तिच्या यशात औषधापेक्षा साबण, पाणी आणि वेळेवरचं जेवण यांचा वाटा मोठा असावा.

शेवट कसा झाला?

२ एप्रिल १८६५ च्या रात्री कॉन्फेडरेट सरकार शहर सोडून पळालं. जाताना गोदामांना लावलेली आग शहरभर पसरली, टेकडीवरून ती दिसत होती. ३ तारखेला सकाळी उत्तरेची फौज आत आली, तिच्यात काळ्या सैनिकांच्या पलटणीही होत्या. चालता येणारे रुग्ण आधीच निघून गेले होते. उरलेल्यांपाशी मॅकॉ, पेम्बर आणि काही कर्मचारी थांबले आणि रुग्णालय उत्तरेच्या ताब्यात गेलं.

त्यानंतर त्या वॉर्डांचं काय झालं?

गुलामगिरीतून सुटलेली कुटुंबं तिथे राहायला आली आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. काही वर्षांत लाकडी इमारती मोडून सरपणात गेल्या. १८७४ मध्ये शहराने जागा विकत घेऊन बाग केली.

या युद्धाचा महाराष्ट्राशी काही संबंध?

रुग्णालयाशी थेट नाही, नाकेबंदीशी मात्र आहे. रिचमंडला क्विनाईन पोचू न देणाऱ्या त्याच नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरला जाणं थांबवलं. मग गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला, मुंबईत शेअरांचं वेड लागलं, प्रेमचंद रायचंद कापसाचे राजे झाले, बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये रिचमंड पडल्याची, युद्ध संपल्याची बातमी आली आणि हा सगळा फुगा फुटला. चिंबोराझोचे रुग्ण उत्तरेच्या ताब्यात जात होते त्या सुमारास मुंबईत दिवाळखोरीची रांग लागायला सुरुवात झाली होती.

आज तिथे काय बघायला मिळतं?

युद्धकाळातली एकही इमारत नाही. १९०९ मध्ये हवामान खात्यासाठी बांधलेल्या वास्तूत राष्ट्रीय उद्यान विभागाचं वैद्यकीय संग्रहालय आहे: शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधांच्या बाटल्या, टेकडीची प्रतिकृती. बागेत बॉय स्काउटनी उभारलेला स्वातंत्र्यदेवीचा एक छोटा पुतळाही आहे, त्याचा रुग्णालयाशी काही संबंध नाही, पण पर्यटक आधी त्याचाच फोटो काढतात.

एखाद्या रुग्णाची किंवा कामगाराची नोंद शोधता येते का?

बऱ्याच नोंदवह्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सैनिकाचं राज्य आणि पलटण माहीत असेल तर शोध सोपा जातो. गुलाम कामगारासाठी मात्र आधी त्याच्या मालकाचं नाव ठाऊक असावं लागतं, कारण भाड्याचे पैसे मालकाला मिळत आणि हिशेब त्याच्याच नावे लिहिला जाई.